कदमकाकांच्या नावाखालची रेघ

मंगळवार, संध्याकाळ. वर्तकनगर.

अजून कानात तीच रिंग.

सोसायटीचं ॲप मीच बनवलंय. त्यात प्रत्येक सभासदाच्या नावाखाली निळी रेघ असते, नावावर दाबलं की त्यांना फोन लागतो. शेजारचे कदमकाका गेल्या महिन्यात गेले. सकाळी सेक्रेटरी म्हणाले, "अगं, त्यांच्या नावाखालची ती रेघ काढ. लोक चुकून दाबतात आणि काकूंच्या घरात काकांचा फोन वाजतो. बरं वाटत नाही." ऑफिसच्या मीटिंगच्या आधी घाईघाईत काढली. नाव साधं, काळं दिसायला लागलं. वाटलं, झालं काम.

दिवेलागणीला भिंतीपलीकडे काकांचा फोन वाजला.

तेव्हा लक्षात आलं, मी नुसती रेघ पुसलेली. खालची लिंक तशीच चालू. इतकी साधी गोष्ट कशी राहिली? पण रेघच दिसत नाही, तर दाबतंय कोण?

सॉरी म्हणायला गेले. दार उघडंच होतं. काकांचा फोन टीव्हीशेजारी चार्जिंगला लावलेला, वाजत होता. समोर काकू, हातात स्वतःचा फोन, त्यावर आमचं ॲप.

"काकू, चुकलं माझं. आत्ता बंद करते."

"नको गं. माझ्या फोनातून त्यांचा नंबर मुलाने काढून टाकलाय, म्हणे उगाच रडत बसशील. मला कुठे पाठ आहे?" मग म्हणाल्या, "रेघ काढलीस ते बरं केलंस. आता दुसरं कोणी दाबणार नाही."

घरी येऊन सेक्रेटरींना मेसेज टाकला, काम झालं म्हणून.

पलीकडे परत वाजतोय.