वरच्या वनाचा ठराव

२७ ऑक्टो., सोमवार
ऊसतोडीची टोळी गेली. मुलगा दत्ता, सूनबाई सुमन आणि नात मुक्ता ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर बसून. माजलगावकडचा ऊस. मुक्ता तिसरीत. म्हणालो, तिला ठेवा माझ्याजवळ. सुमन म्हणाली, "आबा, तुमाला शेळी दिसंना, पोरगी कशी सांभाळताव?" खरं आहे.
गल्लीतल्या सगळ्या शेळ्या दरसालाप्रमाणे माझ्या नि जोडीदार गफूरच्या गळ्यात. ज्या घरची शेळी, त्या घरच्या जुन्या लुगड्याची चिंधी तिच्या मानेला. हिरवी चिंधी सुमनची. दुपारी सगळ्या वरच्या वनात सोडल्या. गल्लीत आता आम्ही म्हातारे आणि कुत्री.

३० ऑक्टो., गुरुवार
ग्रा.पं.च्या फळ्यावर नोटीस. सरकार वरचं वन विकणार. कंपनी झाडं काढून सोलरच्या पाट्या मांडणार. गावाचं म्हणणं काय ते ग्रामसभेत रविवारी सांगा.
गफूर चिडला. "कावून बे, दिवाळीत सगळा गाव हितंच होता की. तवा न्हाई सुचलं?"
वनात सीताफळं तडकलीत. एक खाल्लं, बिया खिशात. आमच्या लहानपणी शाळेचे पत्रे तापायचे म्हणून गुरुजी चौथीचा वर्ग इथं धावड्याच्या झाडाखाली भरवायचे. कविता चालीवर. आम्ही ओळ म्हणायची, समोरची टेकडी तीच परत म्हणायची. दुसरं कडवं गेलं डोक्यातून. चाल आहे अजून.

२ नोव्हें., रविवार
माझं चुकलं. लई चुकलं.
सभेत बोलायला उठलो. काय बोलायचं ते घोकून गेलो होतो. पण तोंडातून निघालं ते धावडा, गुरुजी, टेकडी, फाल्गुनातला पळस. चालीवर पहिलं कडवंही म्हटलं. तालुक्याचे साहेब म्हणाले, "वा, आजोबा!" टाळ्या पडल्या, मी बसलो. सरपंच हसत, "आबा, झकास. पण ठरावात काय लिहू? इकावं का इकू नये?" तेवढंच बोलायचं राहिलं होतं. मी उठेपर्यंत साहेब घड्याळ बघत उभे. माणसं पुरेशी नव्हती, सभा तहकूब. पुन्हा १६ ला. तहकूब सभेला माणसं कमी असली तरी चालतं म्हणे. जितके हात वर होतील तितक्यांवर ठराव.
घराशी आल्यावर गफूर म्हणाला, "तू शायरी कर. मी शेळ्या राखतो."

३ नोव्हें.
झोप नाही. हे वन माझं नाही, गफूरचं नाही, सरपंचाचं नाही. म्हणून तर सगळ्यांच्या शेळ्या तिथं चरतात. सरकारचं म्हणजे राखणदारी सरकारची, एवढंच मी समजत आलो. राखणदारानं राखायला दिलेलं विकावं कसं? हे सभेत का नाही सुचलं.

६ नोव्हें., गुरुवार
गावात आहेत त्यातले निम्मे सरपंचाच्या शब्दातले, म्हणजे विकायच्या बाजूचे. आपले हात सगळे उसात. टोळीच्या मुकादमाला फोन केला. "आबा, इलेक्शन असलं की सोडतो. हे काय इलेक्शन हाय?" विनवलं. या वयात या माणसाला विनवलं. शेवटी म्हणाला, १६ ला कारखाना साफसफाईसाठी बंद, न्या एका दिवसासाठी.
आपल्या गल्लीची चार घरं येतील, आणायला जीप मी धाडायची. पुरे होतील.

११ नोव्हें., मंगळवार
माजलगावकडं जाऊन आलो. एसटीनं, मग एका बैलगाडीत मागं बसून. उसाच्या पाचटाच्या कोप्या, वाकून आत जायचं. मुक्ता कुणाचं तरी धाकटं पोर कडेवर घेऊन उभी. कविता म्हण म्हटलं तर लाजली.
सगळ्यांना जमवून सांगितलं. यावेळी नीट, एकही फूल न घालता. ऐकून घेतलं. मग सुमन.
"आबा, वन कुणासाठी राखायचं? आमी सहा महिने हितं. तुमी वर बसून चाली म्हनताव. कंपनीनं ह्यांना वाचमन घेतलं तर पोरगी शाळंत राहील."
"घेणार म्हणून लिहून दिलंय का?"
"वनानं काय लिहून दिलंय?"
बाकीच्या बाया होकाराची मान हलवत होत्या. दत्ता कोयत्याला धार लावत होता. वर न बघता म्हणाला, "येतो आबा. हात वर करीन. पण इकायच्या बाजूनं. तुमच्या म्होरं करीन, माघारी न्हाई."
सुमननं भाकरी बांधून दिली. एसटीत उघडली नाही.

१३ नोव्हें.
वनात गेलो नाही. गफूर एकटाच गेला.
सुमनचं बोलणं टाळता येत नाही. झाडं गेली तर शेळ्या जातील, मग म्हातारेही उसाला जातील, हे मला दिसतं. पण ते पुढचं. पोरीची शाळा आत्ता बुडतेय.

१५ नोव्हें., शनिवार
गफूरला दत्ताचं म्हणणं सांगितलं. चिलीम खाली ठेवून म्हणाला, "जीप नको धाडू. म्हनावं, मिळाली न्हाई. ते आले न्हाईत तर अजून बरोबरी होईल."
"त्यांचाही गाव आहे, गफूर."
"मग जा, आन त्यांना. आन तुझ्या हातानं."
शेळ्या मोजायलाही थांबला नाही.

१६ नोव्हें., रविवार, सकाळ
जीपवाला आलाय, चहा पितोय. सभा दुपारी. आत्ता निघाला तरच वेळेत.
सुमनचा फोन. चारही घरं तयार होऊन सडकेला उभी. मुक्ताला सोबत आणतेय, गावात चार दिवस ठेवा म्हणाली, शाळेत बसू द्या. मागून दत्ताचा आवाज, "आबाला इचार, जीप निघाली का."
निघाली, म्हणालो.
जीप अजून दारात आहे.