विहिरीतलं जनावर

मु. बेलतांडा, ता. केळापूर
वैशाख, १९६२

श्रीयुत पूनमसिंगभाऊ यांना, तुमच्या घरचा जावई देवीलाल मास्तर याचा वाकून रामराम.

इकडे सगळं ठीक आहे. तुमचा गुडघा कसा आहे? एरंडाचं पान बांधून पाहिलंत का? पुसदला ऊन म्हणे फार आहे. वहिनींना आणि पोरांना जपा. तुमच्या ओळखीने नागपूरहून आलेले मारोतराव (कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारे) सोमवारी इथे येऊन गेले. त्याची हकिकत कळवणं माझं कर्तव्यच आहे. शिवाय मानीबाई चैत्रापासून तुमच्याकडे आहे, म्हणजे तुमच्या बहिणीची बाजू तुम्ही ऐकलेली असणार. ही दुसरी बाजू.

होळी झाल्यावर मी विहिरीचं खोदकाम काढलं. मानीबाईला नाल्यावरून पाणी आणावं लागतं, आणि विहिरीचा शब्द मी तिला लग्नातच दिलेला होता (मंडपात माणूस बरंच काही बोलतो). खड्डा दोन पुरुष खोल गेल्यावर पहार कशावर तरी वाजली. माती उकरली तर लांबलचक गोल दगड, बैलाच्या पोटाएवढा जाड आणि एका टोकाला फुगलेला. खोदणारे वर आले ते पुन्हा उतरेनात. आमच्या तांड्याचे नायक खेमसिंग म्हणाले, हे राक्षसाचं हाड. त्यांची याडी, म्हणजे आई, भुरीबाई. तिने वरूनच हळदकुंकू सोडलं. मी तेव्हा खाली वाकून पाहत होतो, त्यामुळे पूजा माझ्या टोपीची झाली. मी टोपी झटकली आणि शांतपणे सांगितलं, की हे राक्षसाचं नाही, डायनासोरचं हाड आहे. तिथेच थांबलो असतो तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

पण शाळेत एक जुनं मासिक आहे, त्यातला या जनावरांवरचा लेख मला तोंडपाठ आहे, आणि आमच्या तांड्यात तो ऐकायला आजवर कोणी मागितला नव्हता. बाभळीखाली सगळे बसले. नावाचा अर्थ भयंकर पाल, हे मी सांगितलं. काही कोंबडीएवढे, काही साठसत्तर फूट लांब. सगळ्यांत मोठे ते निव्वळ पालाखाऊ, आणि दाणे दळायला आपल्याला जातं लागतं तसे त्यांतले काही पाला दळायला दगड गिळत. जबलपूरकडे त्यांची हाडं इंग्रजांच्या काळीच सापडली. एकाच्या पाठीवर सुपांसारख्या ढालींची रांग होती आणि मेंदू मात्र अक्रोडाएवढा. (अक्रोड कोणी पाहिलेला नाही, म्हणून मी मोठी सुपारी म्हटलं. तेव्हा मानीबाईने माझ्याकडे का पाहिलं, ते मी विचारलं नाही.) शेवटी म्हणालो, ही जनावरं सहासात कोटी वर्षांपूर्वी संपली, त्या काळी माणूस जन्मालाच आला नव्हता. यावर खेमसिंग म्हणाले, "माणूसच नव्हता, त मंग त्यायचं नाव कोनं ठेवलं?" मी लेख पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतला, तोवर सगळे घरी गेले होते.

मग मी ठरवलं, की विद्वान माणूस येऊन पाहीपर्यंत विहिरीला कोणी हात लावायचा नाही. तुम्हाला पत्र टाकलं ते त्याच दिवशी. पण बातमी पांढरकवड्याच्या बाजारात गेली आणि लोक बैलगाड्या जुंपून जनावर पाहायला येऊ लागले. उन्हातून आलेला माणूस आधी पाणी मागतो. कोरड्या विहिरीच्या काठावर मी त्यांना डायनासोर सांगायचो आणि मानीबाई नाल्यावरून त्यांच्यासाठी पाणी आणायची. एक दिवस तिने घागरी माझ्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाली, "तुमचं जनावर कवाचं मेलं. मी अजून जित्ती हाओ." आणि पुसदच्या मोटारीत बसली. त्यानंतर नाल्यावर मी जायला लागलो. भाऊ, तो चढ किती आहे हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी भिजलेल्या धोतराने शाळेत जायचो आणि मुलं हसायची. मी त्यांना पाढे म्हणायला लावायचो.

मारोतराव आले, दोराने खाली उतरले, भिंग लावून बराच वेळ बसले. वर येऊन त्यांनीही आधी पाणीच मागितलं. ते पिऊन म्हणाले, "गुरुजी, हे हाड नाही. झाड आहे, ताडाच्या जातीचं. त्याचा दगड झालाय." फुटलेल्या टोकावर त्यांनी बारीक ठिपके दाखवले, शिंदीचं खोड आडवं कापलं की दिसतात तसे. मला कुठे बघावं कळेना. तांडा मात्र खूश झाला. खेमसिंग म्हणाले, शिंदी असेल तर भ्यायचं काय कारण, आणि खोदणारे त्याच संध्याकाळी खाली उतरले. (एका म्हाताऱ्याने ताडी निघेल का विचारलं. मारोतरावांनी उशीर झाल्याचं सांगितलं.) जाताना मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, की त्या जनावरांपैकी एखाद्याने निदान या झाडाला पाठ तरी घासली असेल का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "घासली नाही, असं मला छातीठोक सांगता येणार नाही." सज्जन माणूस.

बुधवारी विहिरीला पाणी लागलं. गोड आहे.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा
देवीलाल

ता. क. – खरं तर पत्राचं कारण हे, की मानीबाईला शनिवारच्या मोटारीत बसवून द्याल का? पाणी लागल्याचं सांगा. मी वाळलो आहे, हेही सहज बोलता बोलता सांगितलंत तरी हरकत नाही.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवायच्या आतच मानीबाई दारात उभी. भुरीबाईने परस्पर निरोप धाडला होता, म्हणजे वरची विनंती रद्द समजा. ती थेट विहिरीवर गेली, पाणी शेंदलं, ओंजळीने प्यायली, तोंडावर मारलं. मग हे पत्र माझ्याकडून अथपासून इतिपर्यंत वाचून घेतलं. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "एवढं मोठ्ठं जनावर. त्याले पानी किती लागत असन? अन् आनून कोन देत होतं?"

लेखात हे नाही. मारोतरावांना विचारून उलट टपाली कळवावं. तोवर घरचं पाणी मी भरतो आहे.