माझी माय पाट्याला टाकी लावायची

माय, गेल्या आठवड्यात आम्ही एक डोंगर बघायला गेलो होतो. ओहायोतल्या आमच्या डब्लिनहून साउथ डकोटापर्यंत गाडीने दोन दिवस. नवरा, नऊ वर्षांची लेक आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. तिथे कड्यात या देशाच्या चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेत. एकेक नाक आपल्या खोलीपेक्षा उंच. नवरा नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर फोटोंमागून फोटो काढत होता. मी एका गालाकडे बघत राहिले. एवढ्या उंचावर इतका सपाट गाल कुणी केला असेल?

खाली म्युझियम आहे. दोरावर टांगलेल्या फळीवर बसून दगड फोडणाऱ्या कामगारांचे फोटो तिथे आहेत आणि काचेमागे त्यांच्या छिन्न्या, टोकं बोथट झालेल्या. त्या बघितल्या आणि तूच दिसलीस. उन्हाळ्याची सुट्टी आहे, मी दहा वर्षांची, तुझ्यामागे गल्लीगल्लीतून हिंडते आहे. तू हाक देतेस, "पाट्याला टाकीऽऽ". वाटून वाटून गुळगुळीत झालेला पाटा कुणीतरी अंगणात आणून ठेवतं. तू मांडी घालून बसतेस आणि छिन्नीने त्यावर बारीक टिंबांच्या रांगा उठवत जातेस. एकदा मी हट्टाने हातोडी घेतली आणि जोरजोरात मारत सुटले. तू माझा हातच धरलास. "दगडाशी भांडाया आलीस व्हय गं? हळू मार. अन् डोळं अर्धं मीट." तुझ्या डाव्या बुबुळावर दगडाच्या उडालेल्या कपरीने केलेला पांढरा ठिपका होता.

सासरी मी सांगितलं होतं की तू शिवणकाम करायचीस. नवऱ्याला खरं माहीत होतं. उगाच कशाला, असं लग्नाआधी आम्ही दोघांनीच ठरवलं. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना तू गेलीस, त्यामुळे तू काही नाकारायला येणार नव्हतीस.

त्या काचेसमोर लेकीने विचारलं, "मम्मा, डिडंट द रॉक गेट इन देअर आइज?"

"डोळे अर्धे मिटायचे," मी बोलून गेले. "आणि तोंड घट्ट बंद. कपरी उडते ना."

"तुला गं कसं माहीत?" सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. "आई, कॉफी घेऊ या का?" असंही म्हणाला बिचारा. पण त्या छिन्न्यांसमोर उभं राहून मला पुन्हा शिवणाचं मशीन काढवेना. "माझी आई पाट्याला टाकी लावायची," मी म्हणाले. "दारोदार जाऊन. मी सोबत असायचे."

सासूबाई दाराकडे वळल्या. बाहेर येऊन कठड्याजवळच्या बाकावर बसल्या. मीही शेजारी बसले. वारा चांगलाच गार होता. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे एक यायची. पाणी मागितलं की मी तिच्या ओंजळीत वरून ओतायचे. भांडं कधी हातात दिलं नाही." मग माझ्याकडे वळल्या. "तुझ्या आईलाही..."

"हो," मी म्हणाले. "मलाही."

मला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर माझा राग आवरणार नाही. पण त्यांची शाल खांद्यावरून घसरली होती आणि मला ती नीट करावीशी वाटली. मग त्यांनी पर्समधून पेन काढून माझ्यापुढे धरलं. "दाखव बरं, छिन्नी कशी धरायची." मी दाखवलं. मूठ ढिली, करंगळी दगडाला टेकलेली. त्यांनी कठड्यावर करून बघितलं, चुकल्या, पुन्हा केलं. लेक पळत आली. "आजी, व्हॉट आर यू डूइंग?"

"तुझ्या दुसऱ्या आजीचं काम शिकतेय," त्या म्हणाल्या.

हे सगळं तुला लिहून ठेवलंय, पण पाठवायचं कुठे, आणि वाचून कोण दाखवणार? तुला अक्षरओळख नव्हती. मी सातवीत असताना तुला शिकवायला बसले होते. तू रोज संध्याकाळी हात धुऊन माझ्यासमोर येऊन बसायचीस. आपण 'ग'पर्यंत आलो आणि मला कंटाळा आला. परीक्षा जवळ आलीये, असं मी तुला सांगितलं. परीक्षा नव्हती.