भीमराजचा गुडघा आणि माझी एम्पथी

३ डिसेंबर
कॅप्टन झाल्यापासूनची पहिली खरी परीक्षा. भीमराज, आमच्या कबड्डी टीमचा एक नंबरचा रेडर, प्रॅक्टिसमध्ये पडला. गुडघ्याचं लिगामेंट फाटलंय, ऑपरेशन लागणार. सगळे घाबरले. मी शांत. (जरा चक्कर आली, पण ती उपाशीपोटी होतो म्हणून.) गेल्या महिन्यातच लीडरशिप वर्कशॉप केलंय. लीडर म्हणजे एम्पथी. त्याला एकटं पडू देणार नाही.

५ डिसेंबर
वाकोल्याला त्याच्या घरी गेलो. आपलंही दुःख शेअर करावं असं वर्कशॉपमध्ये शिकवलंय, म्हणून नववीत माझ्या पोटरीत आलेल्या गोळ्याची गोष्ट सांगितली. सविस्तर. तो डोळे मिटून ऐकत होता. काकूंनी दोनदा विचारलं, घरी वाट बघत असतील ना रे? किती काळजी माझी!
निघताना भीमराजने फक्त मला एक गोष्ट सांगितली. एका कंपनीने त्याला त्यांच्या कबड्डी टीममध्ये घ्यायचं ठरवलंय, नोकरीसकट. गुडघ्याचं त्यांना तो स्वतः सांगणार, सर्जनशी बोलून झाल्यावर. तोवर कुठे बोलू नकोस म्हणाला.
विश्वास कमवावा लागतो.

८ डिसेंबर
जखमी खेळाडूंसाठी माझा सपोर्ट ग्रुप सुरू. नाव 'मी आहे ना'. सभासद: भीमराज, खो-खोची स्वरदा (खांदा), लांब उडीचा मार्तंड (घोटा). हॉल तिसऱ्या मजल्यावरचा मिळाला, लिफ्ट बंद. भीमराज कुबड्या घेऊन जिने चढला. काय जिद्द!
मी बोललो. मग हॉल रिकामा करायची वेळ झाली, त्यामुळे त्यांचं बोलणं राहिलं. पुढच्या वेळी फक्त ऐकायचं. नक्की.

९ डिसेंबर
इन्स्टावर भीमराजचा कुबड्यांसकट फोटो टाकला. 'लिगामेंट फाटलं, हिंमत नाही.' ओळ माझीच. तुफान लाइक्स. नोकरीबद्दल चकार शब्द नाही. शब्द म्हणजे शब्द.
कंपनीच्या टीमला तेवढं टॅग केलं. आपला माणूस कसा लढतोय ते त्यांनाही दिसू दे.

११ डिसेंबर
भीमराज फोन उचलत नाही. स्वरदाकडून कळलं, कंपनीने त्याच्या जागी दुसऱ्याला घेतलं. काय माणसं असतात यार. अजिबात एम्पथी नाही.

१५ डिसेंबर
दगा! जिमखान्यामागच्या बाकावर तिघं बसले होते, मला न सांगता. स्वरदा डाव्या हाताने वेणी घालायला शिकल्याचं सांगत होती आणि भीमराज चक्क हसत होता. माझ्या मीटिंगमध्ये एकदाही हसला नव्हता.
मी विचारलं, मला का नाही बोलावलं? मार्तंड म्हणाला, हा जखमींचा ग्रुप आहे. मी म्हटलं, माझ्याही मनाला लागलंय. तो म्हणाला, ते चालत नाही.
मग भीमराज बोलला. आवाज न चढवता.
"निहार, मी फक्त तुला सांगितलं होतं."
मी म्हटलं, "अरे, मी तुझ्यासाठीच केलं ना ते."
"एवढ्या दिवसांत दुखतंय का म्हणून तरी विचारलंस?"
उत्तर तयार होतं माझ्याकडे. पण प्रॅक्टिसची वेळ झाली होती, निघालो.

१६ डिसेंबर
ज्यांच्यासाठी मरमर मेलो, तेच उलटले. स्पोर्ट्सच्या सरांनी ग्रुप स्वरदाकडे दिला. मीटिंग आता तळमजल्यावर. मी मात्र मोठ्या मनाने भीमराजला माफ केलंय. पोस्ट काढली. (लाइक्स येणं थांबलंच होतं.)

२० डिसेंबर
भीमराजचं ऑपरेशन. न बोलावता गेलो. धीर देणारं छोटंसं भाषण पाठ केलं होतं. आत एका वेळी दोघांनाच सोडत होते. काकू होत्या, स्वरदा होती. नर्सने बाहेर बाकावर बसलेल्या माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण? काकू म्हणाल्या, त्याच्या कॉलेजातला आहे कोणीतरी.
मग निघालो.
घरी आईने विचारलं, कसा आहे रे भीमराज?
मला माहीत नव्हतं.