बिजलाच्या पाड्यावरची रजा

१४ मार्च १९८८
सुटलो! परवापर्यंत भुसावळच्या कंट्रोल ऑफिसात कानाला फोन, आज सातपुड्यात बिजलाच्या पडवीत. बिजला आमच्याच रेल्वेत गँगमन होता. एक दिवस नोकरी सोडून पाड्यावर परतला. तेव्हापासून मला त्याचा हेवा वाटतो. रजा दोन आठवड्यांची. राजीनामा लिहून पिशवीत ठेवलाय, फक्त इंदिरेला सांगायचं धाडस नाही. 'हवापालट' म्हणून आलोय. बावीस वर्षांच्या संसारात एवढी मोठी थाप पहिलीच.

१५ मार्च
घड्याळ काढून ठेवलं. दिवसभर कुणी काही विचारलं नाही. फार बरं वाटलं.

१७ मार्च
फजिती. पहाटे मोहाखाली फुलांचा सडा. खालची जमीन लख्ख झाडलेली. म्हटलं, जंगल किती स्वच्छ! टोपली भरून आणली. बिजलाची बायको भुरीबाई हसतच सुटली. "भाऊ, ते झाड दगडीबाईनं शे. खाले तिनीच झाडेल शे."
झाडून ठेवलं की ते झाड त्या घरचं — इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मोकळ्या रानात येऊन मी पहिली चोरी केली. टोपली परत नेली, तर म्हाताऱ्या दगडीबाईने शिव्या दिल्या नाहीत. उद्यापासून वेचायला बोलावलं. म्हणजे इथेही ड्युटी लागलीच.

१९ मार्च
वेचून वेचून कंबर धरली. पण म्हातारी भली. तिच्या भाकरीतली अर्धी मोडून दिली.

२१ मार्च
इंदिरा आली. यावलपर्यंत एसटी, पुढे बैलगाडी. राजीनाम्याचा कच्चा कागद तिला घरी टेबलाच्या खणात सापडला. भांडली नाही, तेच वाईट. "मला विचारायचं तरी," एवढंच म्हणाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिशवीतला कागद तिच्या हातात दिला. म्हटलं, तू म्हणशील तसं.

२४ मार्च
कागदाचं काय करायचं, ते इंदिरेने अजून सांगितलेलं नाही. रोज पहाटे भुरीबाईबरोबर मोह वेचायला जाते. आज झाडाखाली गाणं म्हणत होती. लग्नानंतर तिचं गाणं ऐकलंच नव्हतं मी. माझ्या ड्युटीच्या पाळीप्रमाणे तिचा स्वयंपाक, माझ्या पाळीप्रमाणे झोप — म्हणणार कधी? पदर खोचून वाकलेली, कपाळाला माती. फार गोड दिसली. तसं सांगितलं, तर लाजली.

२६ मार्च
इंदिरेने निकाल दिला, "नोकरी सोडू नका. सोमवारी रुजू व्हा." बरं म्हणालो. वाईट वाटलं, पण दोघांनी बरोबर परत जायचं म्हणून जरा बरंही वाटलं.

२८ मार्च, भुसावळ
रुजू झालो. एकटाच. बैलगाडीत चढायच्या वेळी इंदिरा पाड्यावरच थांबली. म्हणाली, "ड्युटी तुमची संपायची आहे. माझी झाली."