टेसीच्या रक्तातलं शिसं

२ सप्टेंबर, मंगळवार
सत्यानाश! गाड्यांच्या चाकांना लावतात त्या शिशाच्या जुन्या वजनांत एक जस्ताचं निघालं. दिसायला हुबेहूब शिशासारखं. ते वितळलं आणि अख्ख्या भांड्याची लापशी झाली — वीस पौंड माल वाया. एकेक वजन पकडीने दाबून बघायला हवं होतं. एल्क हरणांच्या शिकारीचा मोसम जवळ आला म्हणून बंदुकीच्या गोळ्या ओतायची घाई केली, ती नडली.

५ सप्टेंबर, शुक्रवार
नवा घाणा. साधं शिसं नऊ भाग, छापखान्यातले अक्षरांचे खिळे एक भाग, वर चिमूटभर कथील. गोळ्या चकचकीत पडल्या. गोळीवर कमीजास्त कडक पेन्सिलींची टोकं टेकवून कडकपणा पाहिला. एचबी नुसती घसरली, एफ रुतली. म्हणजे मऊच. पण ओतल्या दिवशीचं खरं धरायचं नाही, पंधरा दिवसांत शिसं आपसूक कडक होतं.
शेजारचा ड्वेन डोकावला. "ऑरिन, परत पहिलीत नाव घातलंस की काय?" हसतोय लेकाचा! मागच्या वर्षी मऊ गोळ्यांच्या शिशाने त्याच्याच बंदुकीची नळी बुजली होती.

८ सप्टेंबर, सोमवार
ग्रेटाचा फोन. टेसीची अकराव्या महिन्याची तपासणी होती, मिसूलाच्या दवाखान्यात. पोरीच्या रक्तात शिसं निघालं. चौदा.
"किती चालतं?" मी विचारलं.
"चालतच नाही, बाबा. असूच नये."
माझी लेक कधी आवाज चढवत नाही. आज चढवला असता तर बरं झालं असतं.
दर रविवारी येतात दोघी. मी शिसं ओततो त्या शेडच्या पायरीलासुद्धा नात शिवलेली नाही! पण माझे हात, माझे बूट, माझा शर्ट... आणि आल्याबरोबर उचलून घेतो मीच.

९ सप्टेंबर
भट्टी बंद.

१३ सप्टेंबर, शनिवार
नदीन आणि मी चार दिवस घर पुसतोय. गालिचा उचलून टाकला. "दाढी काढ, धूळ बसते तीत," नदीन म्हणाली. लग्नाच्या आधीपासूनची दाढी. काढली. "तुला तेव्हाच सांगत होते मी—" एवढंच बोलली बायको, आणि परत फरशी पुसायला लागली.

२१ सप्टेंबर, रविवार
आल्या नाहीत. नदीनने सवयीने सगळ्यांपुरतं बीफ भाजलं. उरलं.
शेडमध्ये जाऊन नुसता उभा राहिलो. न राहवून एका गोळीवर पेन्सिल टेकवली. एच घसरली, टूएच रुतली. अगदी हवा तसा माल! इतक्या वर्षांत असा साधला नव्हता. क्षणभर आनंद झाला, मग स्वतःचीच किळस आली. कोपरापर्यंत हात धुतले.

६ ऑक्टोबर, सोमवार
दुसरी तपासणी. सतरा. वाढलं! चार आठवडे इकडे फिरकली नाही पोर, आणि वाढलं! ग्रेटाच्या घरचा रंग तपासून झाला, नळाचं पाणी झालं. काही नाही. मग येतंय कुठून?
भांडं, साचे, गोळ्या, सगळं ड्वेनला देऊन टाकलं. "फुकट? बरा आहेस ना तू?" म्हणाला. आता सोडून द्यायला माझ्याकडे काहीच शिल्लक नाही. काय करू? कुणीतरी सांगा रे!

९ ऑक्टोबर, गुरुवार
ग्रेटाचा फोन. डॉक्टरीणबाईंनी तिचंच रक्त घेतलं म्हणे. "लहानपणी कुठे राहायचीस, घरात काय काय चालायचं, असलं विचारत होत्या."
"ते कशाला?"
"काय माहीत, बाबा."
मागे टेसी रडायला लागली. ग्रेटाने तिला अंगावर घेतलं. पोरगी चुटूचुटू प्यायला लागली, फोनवर ऐकू येत होतं. तेवढंच जरा बरं वाटलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
ग्रेटाचं स्वतःचं — सव्वीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहानपणीचं शिसं हाडांत मुरून राहिलं होतं. बाळंतपणात ते सुटतं, दुधातून पोरीत उतरतं.
तेव्हा शेड नव्हती. तळघरात ओतायचो. आठ वर्षांची ग्रेटा स्टुलावर उभी राहून भांड्यातल्या वितळलेल्या शिशावरची मळी काढायची.
"तुम्हाला तरी काय माहीत असणार, बाबा," म्हणाली.
माहीत होतं. भट्टीच्या खोक्यावरच छापलेलं होतं — खिडकी उघडी ठेवा. हिवाळा होता. पोरीला थंडी वाजेल म्हणून मी ती लावून घ्यायचो.