काठीचं दुसरं टोक

प्रिय अक्का,

तू बिलोलीहून मला तुझ्या शाळेच्या गावी सामान आणायला पाठवलंस, सरळ उदगीरची गाडी धर म्हणालीस. पण ओळखीचा ट्रकवाला भेटला, त्याच्या नादानं उमरी झाली, भोकर झालं. तू म्हणशील, वीरभद्रा, तुझ्या पायाला भिंगरीच हाय. हाय खरी. पण या खेपेला तुझ्या गावात यायची हिंमतच होत नव्हती.

काल पोचलो. शाळेच्या पाटीवर उस्मानाबाद पुसून लातूर लिहिलंय. जिल्हा नवा, पाणी मात्र जुन्यासारखंच, म्हणजे न्हाईच. शेजारच्या कमलम्मा मावशीनं किल्ली दिली, आधी भाकर खा म्हणाली. तिच्या हातचा ठेचा म्हणजे... जाऊ दे, सामानाचं सांगत होतो.

तुझी ती पाण्याची काठी अजून तुझ्या वर्गाच्या दाराशी हाय. तुझा कायदा मला लई आवडायचा. मारामारी केलेल्या दोघांनीच हापशावरून वर्गाचं पाणी आणायचं. मधे घागर लटकलेली, काठीची दोन टोकं दोघांच्या खांद्यावर. एकानं रागानं हिसका दिला की पाणी सांडणार आणि सगळा वर्ग तहानलेला राहणार. शिव्या देत निघालेली पोरं अर्ध्या वाटेत ‘हळू चाल की रे’ म्हणायची आणि दारात येईस्तोवर हसायची. तुझ्या पोटच्या सिद्धूलाही सूट नव्हती. तो अन् संगप्पा तर त्या काठीचे बैलच.

आणि त्या रविवारी, शाळेला सुट्टी असताना, हापशावर नंबरावरून दोघांचं वाजलं. संगप्पानं धोंडा भिरकावला. पुढचं लिहवत न्हाई. सिद्धूला माती दिल्यावर तू एवढंच बोललीस, माझी काठी खोटी निघाली, आता त्या शाळेची पायरी चढणार न्हाई. मी सातवी नापास माणूस, तू सांगितलंस तसा सामान आणायला निघालो.

सामान बांधलंय, पण आणत न्हाई, हे सांगायलाच पत्र लिहून राहिलो. आज सकाळी संगप्पा शाळेत आला. एवढंसं पोर, कुणी त्याच्याशी बोलत न्हाई. त्यानं काठीला घागर अडकवली, एक टोक खांद्यावर घेतलं अन् उभा राहिला. दुसरं टोक मातीत. रोज असाच उभा राहतो म्हणे. मला बघून म्हणाला, “मामा, बाई कवा येणार?” अक्का, मला मामा म्हणणारा एकच होता. माझा हात उठला होता त्याच्यावर, खोटं कशाला सांगू. त्याच हातानं मग दुसरं टोक उचललं. मी उंच, तो बुटका, निम्मी घागर सांडली. उरलेलं पोरांनी घोट घोट वाटून घेतलं. मी फार तर आठवडाभर टिकेन, तुला माहीत हाय. मग ते टोक पुन्हा मातीत पडेल. तू ये.

तुझाच भटका भाऊ,
वीरभद्र